एचपीव्ही आणि पुरुष: मागचा हिशोब सोडा, पुढचा मांडा

तीन-चार वर्षांपूर्वी एका रात्री मी बाथरूमचं दार आतून लावून, एका हातात मोबाईलचा टॉर्च धरून, वाकून वाकून स्वतःलाच तपासत होतो. शिश्नाच्या टोकाखाली जी गोल कड असते ना, तिच्यावर बारीक बारीक पांढरट दाणे, अगदी एका ओळीत, कुणीतरी मोजून मापून लावल्यासारखे. नेटवर पंधरा मिनिटं शोधलं आणि स्वतःचं निदान करून मोकळा झालो, एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, सेक्समधून लागणारा), मग कॅन्सर, मग खेळ खल्लास. दोन रात्री झोप नाही. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि स्किनच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी भिंग लावून जेमतेम दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, ही तुमच्या कातडीची ठेवणच आहे, खूप पुरुषांना असते, आजार नाही, पॅन्ट घाला. मी सुटकेचा श्वास सोडतोय तेवढ्यात त्यांनी विचारलं, "एचपीव्हीची लस घेतलीय का?" मी म्हटलं, "ती मुलींची असते ना?" तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि मुलींना व्हायरस कुठून येतो, आकाशातून पडतो?"

त्यानंतर या विषयाचा मी इतका कीस पाडलाय की आता मित्रांमध्ये कुणालाही खाली काही खाजलं किंवा उठलं की पहिला मेसेज मला येतो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवतो. पण एक गोष्ट लक्षात आलीये, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "मला झालाय का?" आणि हाच सगळ्यात बिनकामाचा प्रश्न आहे, कारण पुरुषांमध्ये त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही आणि चुकून मिळालं तरी त्यावर करण्यासारखं फारसं काही नसतं. विचारायचं ते हे, की यापुढे मला या व्हायरसचे कुठले नवीन प्रकार भेटू शकतात आणि त्यातले किती मी आत्ताच दारात अडवू शकतो.

आधी हा प्राणी समजून घ्या

एचपीव्ही म्हणजे एकटा व्हायरस नव्हे, मोठं खानदान आहे, २०० च्या वर प्रकार, प्रत्येकाला नंबर. हातापायाला येणाऱ्या साध्या चामखिळीही यांच्याच, पण ते भाऊबंद वेगळे. साधारण ४० प्रकार असे आहेत जे गुप्तांग, गुदद्वार आणि त्याच्या आसपासच्या कातडीवर राहतात. त्यातले ६ आणि ११ नंबरवाले गुप्तांगावरच्या जवळपास ९० टक्के चामखिळींना जबाबदार, डोक्याला ताप आहे, लाज वाटते, पण त्यातून कॅन्सर होत नाही असंच धरून चला. दुसरी टोळी १६, १८, ३१, ३३ वगैरेंची, हे दिसत नाहीत, खाजत नाहीत, दुखत नाहीत, आणि ज्या थोड्या लोकांत मुक्काम ठोकतात तिथे वीस-तीस वर्षं गुपचूप पेशींची वाट लावत बसतात. म्हणजे जो दिसतो तो घात करत नाही आणि जो घात करतो तो दिसत नाही. हे एक वाक्य डोक्यात बसलं तरी निम्मी घबराट कमी होते, कारण चामखीळ आली म्हणून कॅन्सर होणार असं नसतं, आणि काहीच दिसत नाही म्हणून छाती फुगवून फिरण्यातही अर्थ नसतो.

पुरुषांना यातून काय होऊ शकतं? गुदद्वाराचा कॅन्सर, शिश्नाचा कॅन्सर आणि घशाचा, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मागच्या मुळाकडचा. गुदद्वाराच्या कॅन्सरमध्ये दहातल्या नऊ केसेसच्या मागे एचपीव्हीच असतो, शिश्नाच्या कॅन्सरमध्ये साधारण निम्म्यांच्या मागे, घशाचं प्रमाण देशोदेशी बरंच बदलतं. या सगळ्यांत १६ नंबर हा म्होरक्या. २०१८ साली जगभरात एचपीव्हीमुळे झालेल्या कॅन्सरचा अंदाज ६ लाख ९० हजारांचा होता, त्यातले ६ लाख २० हजार बायकांमध्ये आणि ७० हजारांच्या आसपास पुरुषांमध्ये. म्हणजे खरा मार बायकाच खातात, यात वाद नाही. पण बायकांना गर्भाशयाच्या मुखासाठी तपासणीची सोय तरी आहे, पुरुषांच्या घशासाठी तसं काहीच नाही, त्यामुळे आपल्याकडे जे काय अडवायचं ते आधीच अडवावं लागतं.

आणि हो, बहुतेकांचा संसर्ग आपोआप जातो, औषध न घेता, कळतसुद्धा नाही. ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या पुरुषांना वर्षानुवर्षं दर सहा महिन्यांनी तपासत राहिलेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात एखादा प्रकार साडेसात महिन्यांच्या आसपास निम्म्या जणांच्या अंगावरून गेलेला निघाला, १६ नंबर जरा चिवट, त्याला वर्षभर लागलं. दोन वर्षांत बहुतेक जण मोकळे होतात. गडबड होते ती ज्यांच्यात तो जात नाही त्यांची.

धोका मोजायचा कसा

"एकदाच झालं होतं, किती टक्के चान्स?" असं विचारणाऱ्यांना मी सांगतो की असा एक आकडा कुणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. पण अंदाज घेता येतो. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये एक हिशोब आला, त्यात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी ३१ टक्के लोकांच्या गुप्तांगावर कुठला ना कुठला एचपीव्ही सापडला आणि २१ टक्के लोकांत कॅन्सरवाल्या टोळीतला. कुठल्याही एका दिवशी, तिघांतला एक जण. त्यामुळे लस न घेता सेक्स लाइफ सुरू झालेलं असेल तर कधीतरी एखादा प्रकार भेटून गेलाच असेल असं गृहीत धरा, पार्टनर एकच असला तरी. यात चारित्र्याचा काही संबंध नाही, सर्दी झाली म्हणून कुणी चारित्र्य काढत नाही तसंच हे.

आता कशाने वाढतो, कशाने कमी होतो. सगळ्यात मोठी गोष्ट नवीन पार्टनर. जुने किती होते त्यापेक्षा पुढे किती नवीन येणार हे महत्त्वाचं, कारण प्रत्येक नवीन माणूस म्हणजे नवीन नंबर भेटण्याची संधी, आणि त्यांचे आधीचे पार्टनर, त्यांच्या पार्टनरचे पार्टनर अशी ती साखळी मागे लांबच लांब जाते जी तुम्हाला कधीच दिसत नाही. हा व्हायरस रक्तातून किंवा वीर्यातून यावा लागत नाही, कातडीला कातडी घासली की काम झालं, त्यामुळे "आत गेलंच नाही, नुसतं वरवर" हा बचाव इथे चालत नाही. ओरल सेक्समधून घशात जाऊ शकतो. ॲनल सेक्समध्ये गुदद्वाराचा धोका वाढतो, पण गुदद्वारात एचपीव्ही सापडायला ॲनल सेक्स केलेलाच असावा लागतो असंही नाही, बायकांशीच संबंध असलेल्या पुरुषांतही तो सापडतो. टॉयलेट सीट, स्विमिंग पूल, टॉवेल यांची भीती मात्र मनातून काढून टाका.

कंडोम? वापरा, नक्की वापरा, पण कवचकुंडलं समजू नका. तरुण मुलींवरच्या एका अभ्यासात ज्यांचे पार्टनर दर वेळी कंडोम वापरायचे त्या मुलींना एचपीव्ही होण्याचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी कमी निघालं, जे चांगलंच आहे, पण अंडकोष, जांघ, वरचा केसांचा भाग हे सगळं उघडंच राहतं. सुंता झालेल्यांमध्ये कॅन्सरवाल्या प्रकारांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी दिसलंय, युगांडामधल्या चाचणीत. पण त्यासाठी कुणी ऑपरेशनला धावू नका, लस सोपी आहे. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये व्हायरस जास्त टिकतो, आणि एचआयव्ही असेल किंवा ट्रान्सप्लांटनंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर शरीराला तो हाकलणं खरंच जड जातं, त्या लोकांनी हा लेख नंतर वाचला तरी चालेल, आधी आपल्या डॉक्टरशी बोला.

पुरुषांची एक खास अडचण आहे जी मला माहीतच नव्हती. एकदा संसर्ग होऊन गेला की शरीर शिकतं आणि पुन्हा तोच नंबर आला तर ओळखतं, असं आपल्याला वाटतं. पुरुषांमध्ये तसं नीट होत नाही, संसर्गानंतर अँटिबॉडी बऱ्याच जणांत तयारच होत नाहीत आणि झाल्या तरी तुटपुंज्या, त्यामुळे तोच नंबर पुन्हा होऊ शकतो. बायकांमध्ये वय वाढेल तसं नवीन संसर्गाचं प्रमाण साधारण उतरत जातं, पुरुषांमध्ये ते तसं उतरत नाही. म्हणजे चाळिशीतला, नुकताच घटस्फोट होऊन पुन्हा डेटिंगच्या बाजारात उतरलेला माणूस "आपलं वय गेलं आता" म्हणत असेल तर व्हायरसला त्याच्या वयाशी काही देणंघेणं नाही.

दोन माणसं डोळ्यासमोर आणा. एक २४ वर्षांचा, आतापर्यंत दोन पार्टनर, पुढे कोण येईल माहीत नाही, लस नाही. दुसरा ४१ चा, बारा वर्षं एकाच बायकोबरोबर, दोघांचंही बाहेर काही नाही. आधीच्या आयुष्यात दुसऱ्याचे पार्टनर कदाचित दहा असतील आणि पहिल्याचे दोनच, तरी लसीचा फायदा पहिल्याला कितीतरी जास्त. दुसऱ्याला जे भेटायचं ते भेटून गेलंय आणि नवीन काही येण्याचा रस्ताच बंद आहे. मी मागचा हिशोब सोडा म्हणतो तो याचसाठी.

टेस्टचं काय

पुरुषांच्या गुप्तांगासाठी किंवा घशासाठी रूटीनमध्ये करावी अशी मान्यताप्राप्त एचपीव्ही टेस्टच नाही. रक्ताची टेस्ट तर सोडाच. काही लॅब स्वॅब घेऊन रिपोर्ट देतात, पण विचार करा, पॉझिटिव्ह आला तर काय करणार? व्हायरसवर औषध नाही, बहुतेक आपोआप जाणार, आणि काही महिन्यांनी पुन्हा केली तर निगेटिव्ह येऊ शकेल. निगेटिव्ह आला तर त्या दिवशी त्या जागेवर सापडला नाही एवढंच. माझ्या एका मित्राने अशी टेस्ट एका ठिकाणी तीनदा करून घेतली, तिन्ही वेळा वेगळा रिपोर्ट, आणि दर वेळी नव्याने घाम. लस घेण्याआधी टेस्ट करावी का असंही लोक विचारतात, तर नाही, गरज नाही.

अपवाद एकच, गुदद्वाराची तपासणी. एचआयव्ही असलेले, त्यातही पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, पस्तिशीच्या पुढे असतील तर त्यांच्यासाठी ती खरंच कामाची आहे. २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत एचआयव्ही असलेल्या लोकांच्या गुदद्वारातले कॅन्सरपूर्व बदल झालेले भाग वेळेत काढले तेव्हा पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी झालं. या गटात असाल तर डॉक्टरने विषय काढायची वाट बघू नका, तुम्हीच काढा.

बायकोचा किंवा गर्लफ्रेंडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

यावरून घरं मोडताना बघितलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिच्या तपासणीत एचपीव्ही आला, आणि तुमच्या किंवा तिच्या डोक्यात पहिला विचार काय येतो तर कुणीतरी बाहेर काहीतरी केलंय. थांबा. हा व्हायरस अंगात वर्षानुवर्षं दबून राहू शकतो, टेस्टला सापडेल एवढाही नसतो, आणि मग कधीतरी वर डोकं काढतो. लग्नाआधीचा असू शकतो, तिचा असू शकतो, तुमचा असू शकतो, दहा वर्षं जुना असू शकतो, आणि कुणी कुणाला दिला हे जगातली कुठलीही लॅब सांगू शकत नाही. रिपोर्टवर तारीख असते ती तपासणीची, संसर्गाची नव्हे.

मग करायचं काय, तर तिचा फॉलोअप नीट होतोय ना ते बघा, तिच्याबरोबर जा, कारण खरी गरज तिकडे आहे. तुम्ही स्वतःला टेस्ट करून घ्यायची गरज नाही. आरशासमोर एकदा खाली नीट बघून घ्या, काही उठलेलं दिसलं तर दाखवा. तुम्ही दोघं बराच काळ एकत्र असाल तर जे तिच्याकडे आहे ते तुमच्याकडे येऊन गेलेलं किंवा आत्ताही असणार, त्यामुळे आता एकदम कंडोम सुरू करणं किंवा सेक्स बंद करणं यातून फार काही साधत नाही, मनाला बरं वाटत असेल तर करा. आणि कृपा करून तिला "तू कुणाकडून आणलंस" असं विचारू नका.

उठलेला दाणा चामखीळ आहे की आणखी काही

माझे होते ते दाणे सगळे एकाच मापाचे, गुळगुळीत, कडेच्या भोवती ओळीत, वर्षानुवर्षं तसेच, हे पुरुषांमध्ये अगदी कॉमन असतात आणि त्यांचा कुठल्याही संसर्गाशी संबंध नसतो. दुसरे असतात ते कातडीखाली दिसणारे पिवळट-पांढरे ठिपके, शिश्नाच्या दांड्यावर किंवा अंडकोषावर, त्या तेलाच्या ग्रंथी, कातडी ताणली की जास्त उठून दिसतात. चामखीळ यापेक्षा वेगळी वाटते, खडबडीत, फ्लॉवरच्या छोट्या तुऱ्यासारखी, कधी एकटी कधी झुपक्यात, मापं वेगवेगळी, आणि मुख्य म्हणजे नवीन, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी तिथे नव्हती. संबंधानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी दिसते, पण कधीकधी त्याहून बऱ्याच उशिरा, त्यामुळे इथेही शेवटच्या पार्टनरवर संशय घेणं म्हणजे अंधारात काठी मारणं.

चामखीळच निघाली तर घाबरायचं कारण नाही. डॉक्टर लावायला क्रीम देतात, नाहीतर लिक्विड नायट्रोजनने गोठवतात किंवा जाळून काढतात. पुन्हा येऊ शकते, पहिल्या काही महिन्यांत हे बऱ्याच जणांना होतं, चिकाटी ठेवा. हातापायाच्या चामखिळीसाठी मेडिकलमध्ये जे ॲसिडचं औषध मिळतं ते चुकूनही तिथे लावू नका, नाजूक कातडी अशी भाजते की चामखीळ बरी म्हणाल. चामखिळी असताना त्या भागात रेझर फिरवू नका, बारीक जखमांमधून पसरतात. आणि नेटवर व्हिनेगर लावून बघायचा जो जुगाड सांगतात तोही नको, साधी खाज-सूज असली तरी कातडी पांढरी पडते आणि तुम्ही उगाच पुन्हा टॉर्च घेऊन बाथरूममध्ये.

लस: नेमकं काय करते, कुणाला किती

लसीत व्हायरस नसतो, मेलेलासुद्धा नाही. व्हायरसच्या बाहेरच्या कवचाचं जे प्रोटीन असतं ते तेवढंच बनवलं की आपोआप जुळून त्याचा रिकामा गोळा तयार होतो, आत डीएनए नाही, म्हणजे रिकामं खोकं. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ या दोघांनी हे जमवलं आणि त्यावर पुढची सगळी इमारत उभी राहिली. शरीराला खोक्याची ओळख पटते, मग खरा आला की त्याला आत शिरू देत नाही. लसीने एचपीव्ही होऊ शकत नाही, मूल होण्यावर परिणाम होत नाही, हे दोन्ही मला विचारून झालेत म्हणून लिहिलं.

"मुलींची लस" हा समज कुठून आला तेही बघा. अमेरिकेत गार्डासिल नावाची एचपीव्हीची लस २००६ मध्ये आली ती फक्त मुली-बायकांसाठी, मुलग्यांसाठी परवानगी मिळाली २००९ मध्ये. त्या पहिल्या लसीत ६, ११, १६, १८ असे चार नंबर होते, २०१४ मध्ये नऊ प्रकारांची आली, त्यात ३१, ३३, ४५, ५२, ५८ वाढले. २०१८ मध्ये वयाची मर्यादा २६ वरून ४५ वर गेली. फक्त १६ आणि १८ ची सर्व्हॅरिक्स नावाची पण एक लस आहे, तिच्यात चामखिळीवाले नंबर नाहीत, त्यामुळे तुम्हाला कुठली देतायत हे विचारून घ्या.

आता आकडे, आणि इथेच लोक गोंधळतात. पुरुषांवरची मुख्य चाचणी १८ देशांतल्या ४,०६५ जणांवर झाली, वय १६ ते २६. ज्यांना त्या चार नंबरांचा आधी संसर्ग नव्हता आणि ज्यांनी तिन्ही डोस वेळेवर घेतले त्यांच्यात या नंबरांमुळे गुप्तांगावर काही उठण्याचं प्रमाण ९०.४ टक्क्यांनी कमी झालं. सगळे धरले, म्हणजे ज्यांना आधीच लागण होती तेही, तर फायदा ६५.५ टक्के. लस तीच, माणसं तीच तरुण, फरक फक्त एवढाच की काहींच्या घरात चोर आधीच शिरलेला होता. पुरुषांशी संबंध असलेल्या ६०२ जणांच्या वेगळ्या गटात गुदद्वाराच्या कॅन्सरपूर्व बदलांसाठीही तेच, आधी लागण नसलेल्यांत ७७.५ टक्के आणि सगळे मिळून ५०.३. लस आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही, दार बंद करते. म्हणून अकरा-बारा वर्षांच्या पोराला देतात, त्याच्या आयुष्यात अजून काहीच झालेलं नसताना. पण ६५ आणि ५० हे आकडेही काही टाकाऊ नाहीत, कारण चारही किंवा नऊही नंबर एकाच माणसाला होऊन गेलेत असं क्वचितच असतं. एखादा झाला असेल, बाकीच्यांसाठी दार अजून बंद करता येतं. आणि हो, चामखीळ आधीच आलेली असेल तरी लस घेता येते, फक्त ती चामखीळ लसीने जाईल अशी आशा ठेवू नका.

घशाचं थेट सिद्ध व्हायला अनेक वर्षं लागतात, कारण कॅन्सर व्हायलाच दशकं लागतात. पण अमेरिकेत १८ ते ३३ वयाच्या लोकांची तोंडं तपासली तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये लसीतल्या नंबरांचा संसर्ग ८८ टक्क्यांनी कमी सापडला. तिथेच आधीच्या एका पाहणीत तोंडात एचपीव्ही असण्याचं प्रमाण पुरुषांत १०.१ टक्के आणि बायकांत ३.६ टक्के होतं, जवळपास तिप्पट, हा आकडा मी दोनदा वाचला होता.

"मुलींना दिली की आपण आपोआप वाचतो" हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. ऑस्ट्रेलियात २००७ ला मुलींना शाळेत लस सुरू झाली, आणि २०११ पर्यंत गुप्तरोगांच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या २१ च्या आतल्या, बायकांशी संबंध असलेल्या मुलग्यांत चामखिळींचं प्रमाण १२.१ टक्क्यांवरून २.२ वर आलं, त्यांना एकही सुई न टोचता. पण पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांत फरक पडला नाही, आणि जिथे मुलींचंच लसीकरण धड झालेलं नाही तिथल्या मुलग्यांना हे फुकटचं कवच मिळणार कुठून? ऑस्ट्रेलियानेही २०१३ पासून मुलग्यांना द्यायला सुरुवात केलीच.

मग घ्यायची का? २६ पर्यंत असाल तर जास्त विचार करू नका, घ्या. २७ ते ४५ मध्ये असाल तर तीन गोष्टी स्वतःला विचारा, पुढे नवीन पार्टनर येण्याची शक्यता आहे का, आधी फार कमी पार्टनर होते का, आणि खर्च झेपतो का. पहिल्याचं उत्तर हो असेल तर माझ्या मते घ्यावी. मी ३१ व्या वर्षी घेतली, अजून कुठे सेटल नव्हतो म्हणून. माझा मोठा भाऊ ४२ चा, पंधरा वर्षं संसारात, त्याला मी म्हटलं पैसे वाचव आणि पोराला दे.

डोस, चुकलेला डोस, आणि खुर्चीत बसून राहणं

९ ते १४ वयात सुरू केली तर दोन डोस, सहा ते बारा महिन्यांच्या अंतराने. १५ नंतर सुरू केली तर तीन, आज, एक-दोन महिन्यांनी, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी. प्रतिकारशक्ती कमी असेल तर वय काहीही असो, तीनच. आता काही देश मुला-मुलींना एकच डोस देतायत, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून तसं केलंय, त्यामुळे नेटवर वेगवेगळं वाचायला मिळेल, तुमच्या डॉक्टरचं वेळापत्रक पाळा. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला घ्या आणि पुढे चला. उशीर चालतो, घाई चालत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्यात निदान १२ आठवडे हवेत. माझा तिसरा डोस नोकरी बदलण्याच्या गडबडीत दोन महिने लांबला, डॉक्टर म्हणाले काही फरक पडत नाही.

दंडात टोचतात, दंड दुखतो, बऱ्यापैकी दुखतो, एखादा दिवस हात वर करताना आई आठवते. थोडा ताप, डोकेदुखी होऊ शकते. तरुण पोरांना सुई टोचल्यावर चक्कर येते हे खरंय, माझ्या पुढचा नंबर एका जिमवाल्याचा होता, दंड हा एवढा, सुई झाल्यावर ऐटीत उठला आणि दारापर्यंत जाऊन भिंतीला टेकून हळूच खाली बसला. नर्स शांतपणे म्हणाली, म्हणून सांगते पंधरा मिनिटं बसा. यीस्टची जबर ॲलर्जी असेल तर गार्डासिल घेण्याआधी सांगा कारण ती यीस्टमध्ये बनते, पहिल्या डोसनंतर मोठी रिॲक्शन आली असेल तर दुसरा घेऊ नका. कार्डाचा फोटो काढून ठेवा, लसीचं नाव आणि तारखेसकट.

लस घेतल्यावर कंडोम सोडून द्यायचा नाही, कारण बाकीचे नंबर आहेत आणि बाकीचे आजारही आहेत. बायकोने, गर्लफ्रेंडने आपली तपासणी चालू ठेवायची, तुम्ही लस घेतली म्हणून तिची टळत नाही. आणि चाळिशीनंतर मानेला बाजूला एखादी न दुखणारी गाठ लागली, किंवा घसा एकाच बाजूने खवखवतोय, गिळताना काहीतरी अडकतंय, एकाच कानात ठणकतंय आणि हे सगळं तीन आठवड्यांत गेलं नाही, तर सिगारेट ओढत नाही म्हणून मला काय होणार असं म्हणत बसू नका, एचपीव्हीवाला कॅन्सर सिगारेट न ओढणाऱ्यांचाही घसा पकडतो. दुसरा अँटिबायोटिकचा कोर्स घेण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं आणि त्याला मान हाताने चाचपून बघायला लावायची, पाच मिनिटांचं काम आहे.